आतल्या चार शिवणी

राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई एवढी का ओरडते. आमच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं आधी काचेतून आत डोकावतात. ताई दिसली तर आत येतात, मी दिसले तर कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन येतात. ताई मला भडकू म्हणते. मी पन्नाशीला टेकले तरी म्हणते, आणि तेही गिऱ्हाइकांसमोर.

दुकान कपडे शिवायचं, आणि त्याहून जास्त, शिवलेले कपडे दुरुस्त करायचं. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी काढलेलं. खाली दुकान, वर दोन खोल्या. ताईचा नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, माझा कधी आलाच नाही, त्यामुळे आम्ही दोघी आणि दोन मशीनं. खिडकीजवळचं ताईचं, भिंतीकडचं माझं.

ढगळ झालेला कपडा आत घ्यायला कुणी आलं की आम्ही एक प्रश्न विचारतोच. आप्पा विचारायचे, म्हणून आम्हीही विचारतो. "कापू का ठेवू?" म्हणजे, नवी शिवण घातल्यावर आत जे जास्तीचं कापड उरतं ते कापून टाकू, की आतच राहू देऊ? ठेवलं तर शिवण जाड होते, अंगाला टोचते, पण पुन्हा अंग भरलं तर कपडा सैल करता येतो. कापलं की संपलं. नुकतेच बारीक झालेले लोक छाती काढून सांगतात, "कापा!" आणि वर्षभरात पोट घेऊन परत येतात. मग मी त्यांना जे ऐकवायचं ते ऐकवते.

त्या गुरुवारी दुपारी ताई प्रार्थनेला गेली आणि तिचा फोन कापायच्या टेबलावर विसरली. दर गुरुवारी जाते ती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत सात-आठ बायका जमतात, तासभर डोळे मिटून बसतात आणि मग एकमेकींची दुखणी ऐकतात. मी कधी गेले नाही. माझं आणि देवाचं जमत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

मी एका हॉटेलच्या बेचाळीस जाकिटांची काजं करत होते. सतराव्या जाकिटाला फोन वाजला.

"पेशंट स्वतः बोलताय का?" पलीकडून एका मुलीनं विचारलं.

आमच्या दोघींचे आवाज सारखे आहेत. लहानपणी आप्पासुद्धा फसायचे. 'पेशंट' हा शब्द कानात शिरला आणि मी विचार न करता म्हणाले, "हो."

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय. तुम्ही दोनदा तारीख पुढे ढकललीत. डॉक्टरांनी निरोप द्यायला सांगितलाय, की या सोमवारी साडेआठला केमो सुरू केली नाहीत तर पुढे ती देऊन उपयोग होईल की नाही हे त्यांना सांगता येणार नाही. यकृतावरचे डाग थांबून राहत नाहीत हो."

मी हातातलं जाकीट बाजूला ठेवलं. "किती दिवस झाले हे कळून?"

"असं काय करताय? सहा आठवडे झाले. रिपोर्ट तुम्हीच घेऊन गेलात ना?"

"हो. मीच नेला," मी म्हणाले. "सोमवारी येते." आणि फोन ठेवला.

सहा आठवडे! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आजवर जे मी राग म्हणून मिरवत होते तो नुसता धूर होता. सहा आठवडे ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसून मशीन चालवत होती. सकाळी माझ्याआधी उठत होती. माझ्याशी चहात साखर जास्त की कमी यावरून भांडत होती. आणि पोटात हे घेऊन बसली होती, तोंडातून एक शब्द न काढता!

पण खरी चीड मला माझीच आली. अहो, मी शिवणकाम करणारी बाई आहे. रस्त्याच्या पलीकडून माणूस चालत गेला तर मी त्याच्या कमरेचं माप सांगते, अर्ध्या इंचाची चूक होत नाही. बाजारात एखाद्याचा उजवा खांदा खाली दिसला तर मला तो वर उचलावासा वाटतो. मग माझी सख्खी बहीण माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली आणि मला दिसलं कसं नाही?

कारण मी माणूस बघतच नाही. मी कपडा बघते. कपडा अंगाबरोबर बसलाय ना, मग माणूस ठीक आहे. तीस वर्षांत डोळ्याला हीच सवय लागली. आणि ताईचा प्रत्येक कपडा अंगाबरोबर बसत होता. खांद्याला सुरकुती नाही, कमरेला झोळ नाही. माझ्या डोळ्यांना कुठे फसवायचं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तिनं बरोबर तिथेच फसवलं.

मला आठवलं, हल्ली ती रोज माझ्याआधी तासभर दुकानात उतरायची. "हातातलं काम संपवते" म्हणायची. तिच्या ताटातलं अर्धं अन्न माझ्या ताटात यायचं, वर आणि म्हणायची, "किती वाळलीस गं." मी वाळले? माझा हिरवा ड्रेस दोनदा सैल करावा लागला या महिन्यात! आणि तो सैल करून दिला कुणी? तिनंच. एका हातानं माझा सोडत होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा आवळत होती.

आता देवाचं सांगते.

तीन वर्षांपूर्वी ताईला पहिल्यांदा कॅन्सर झाला. आतड्याचा. ऑपरेशन झालं, मग केमोच्या आठ खेपा. सहाव्या खेपेनंतर ती इतकी खचली की डॉक्टरही गप्प गप्प राहायला लागले. हॉस्पिटलात तळमजल्यावर एक छोटी खोली होती, कुठल्याही देवाला मानणाऱ्यांनी बसावं अशी. चार बाकं आणि एक दिवा. मी आत गेले. प्रार्थना कशी करतात मला माहीत नव्हतं, म्हणून दुकानात घाऊक व्यापाऱ्याशी बोलते तशीच बोलले. म्हटलं, "हे बघ, हिला बरी कर. त्याच्या बदल्यात मी राग सोडते. आजपासून कुणावर ओरडणार नाही. आणखी काय हवं ते बोल." समोरून काही आवाज आला नाही, तेव्हा मी सौदा ठरला असं धरून बाहेर पडले.

ताई बरी झाली. आणि मी किती दिवस गोड राहिले? अकरा. बाराव्या दिवशी चेनवाल्यानं काळ्याऐवजी तपकिरी चेनी पाठवल्या आणि मी त्याला फोनवर असं काही झापलं की समोरच्या दुकानातला चावीवाला बाहेर येऊन उभा राहिला. फोन ठेवला आणि मग सौदा आठवला. मोडलं. मी मोडलं. त्यानंतर तीन वर्षांत मी किती वेळा भडकले त्याची गणती नाही, आणि दर वेळी भडकून झाल्यावर ताईच्या तोंडाकडे बघून घ्यायचे. तिला सर्दी झाली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणार कुणाला? आणि कुठल्या तोंडानं?

म्हणून त्या दुपारी फोन ठेवल्यावर पहिला विचार हाच आला, की हे मी केलं. दुसऱ्या क्षणाला देवाचा असा संताप आला! अरे, एवढासा माणूस मी, माझ्या एवढ्याशा रागाचं तुला एवढं वाकडं गेलं? मग मला धर ना. तिला का?

दुकानाला कुलूप न लावताच मी निघाले. गळ्यात टेप तसाच, बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तसंच. वाचनालयापर्यंत चालत सात मिनिटं लागतात, मी चारात पोचले. मागच्या खोलीचं दार ढकललं तर भिंतीवर आपटलं.

आठ बायका गोल बसल्या होत्या, डोळे मिटून. सगळ्यांनी एकदम उघडले. ताई खिडकीशी होती, तिच्या निळ्या ड्रेसमध्ये. आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, कपडा सोडून. मनगटं बघितली. गळ्याची हाडं बघितली. कानामागची मान. देवा रे.

"सोमवारी साडेआठला," मी म्हणाले. "तुझा फोन आला होता."

ताईचा चेहरा पांढरा पडला. "भडकू, ऐक."

"काय ऐकू? सहा आठवडे तोंड शिवून बसलीस आणि आता मी ऐकू?" मग माझी नजर बाकीच्यांकडे गेली. एकीलाही धक्का बसलेला दिसत नव्हता. एक जमिनीकडे बघत होती, एक रुमालाची घडी घालत होती. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना. घरात मी, आणि मलाच नाही! काय करत होतात इथे बसून सहा आठवडे? डोळे मिटून बसल्यानं डाग गेले का? डागाला प्रार्थना ऐकू येते का? आणि ही तारखा पुढे ढकलत होती तेव्हा तुमच्यापैकी एकीला हिचा हात धरून ओढून न्यावं असं वाटलं नाही?"

या मंडळाच्या प्रमुख म्हणजे हेडबाई. आमच्याच शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, आता पंचाहत्तर वर्षांच्या. मी सातवीत असताना त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते मी अजून विसरलेले नाही. त्या उठल्या. मला वाटलं, आता म्हणतील, 'शांत हो बाळ, त्याची इच्छा.' तसं म्हणाल्या असत्या तर त्या वयाच्या बाईला मी काय बोलले असते कोण जाणे.

"ओरडून झालं?" हेडबाईंनी विचारलं. "मग आता मी ओरडते. तुला काय वाटतं, राग तुला एकटीलाच येतो? माझ्या नवऱ्याच्या वेळी मी याच खोलीत देवाला असं असं बोलले आहे की तुला लाज वाटेल. आम्ही दर गुरुवारी हिच्या मागे लागतोय, बहिणीला सांग, तारीख घे, आम्ही सोबत येतो. ही ऐकते का? दोघी एकाच मातीच्या, हट्टी! आणि डाग जाऊ दे म्हणून ही कधी बसली नाही इथे. आम्ही बसलो, ही नाही. हिनं एकच मागणं मागितलं सहा आठवडे."

"बाई, नको," ताई म्हणाली.

"का नको? आता कळलंय ना तिला?" हेडबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज फाटला. "बहिणीला जेव्हा कळेल तेव्हा हे तिच्या रागामुळे परत आलं असं तिला वाटू नये. बस. एवढंच मागायची."

खोलीत कुणीतरी नाक ओढलं. ताईनं पिशवी उचलली, माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल. दुकानात बोलू. कुलूप तरी लावलंस का?"

रस्त्यानं ती हळू चालत होती. मी तिच्यापुढे जात होते आणि थांबत होते, पुढे जात होते आणि थांबत होते. चावीवाल्यानं हात हलवला, मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं हात खिशात घातला.

दुकानात शिरल्यावर मी दाराची पाटी 'बंद'कडे उलटी केली. "उभी राहा," म्हटलं.

"कशाला?"

"उभी राहा म्हणते ना!"

ती उभी राहिली. मी गळ्यातला टेप काढला आणि मापं घेतली. छाती, कंबर, खांदा, दंड. आमची मापाची वही काढली. त्यात आप्पांच्या काळापासून घरच्यांचं एक पान आहे. ताईची शेवटची मापं मागच्या वर्षीची, माझ्याच अक्षरात. कंबर चौतीस. आत्ता माझ्या बोटांमध्ये टेप अठ्ठावीसवर थांबला होता. सहा इंच. सहा इंच माझी बहीण माझ्या नाकासमोरून गेली होती.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. "माझं देवाशी काय ठरलं होतं ते?"

"त्या खोलीबाहेर मीच होते की. व्हीलचेअरमध्ये. तुला शोधत मला खाली आणलं होतं." ती तिच्या मशीनच्या स्टुलावर टेकली. "तू फार मोठ्यानं बोलतेस गं. देवाशीसुद्धा. सगळ्या जिन्याला ऐकू आलं."

"आणि तीन वर्षं गप्प बसलीस?"

"काय बोलणार? मला आधी हसूच आलं. तू आणि राग सोडणार! मग ते अकरा दिवस आले." तिचं हसू गेलं. "तुला माहितीये, भडकू, त्या आठही खेपांमध्ये मला मरायची भीती एवढी कधी वाटली नाही जेवढी त्या अकरा दिवसांत वाटली. तू मला 'अगं' म्हणायचीस. 'जरा खाऊन घेतेस का' म्हणायचीस. उशी नीट करायचीस आणि हसायचीस. मी म्हटलं, संपलं. हिला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि ही माझ्यापासून लपवतेय. मी रात्रंदिवस तुझ्या तोंडाकडे बघत पडायचे. मग बाराव्या दिवशी तू त्या चेनवाल्याला झापलंस. मी वर पडून ऐकत होते. तुला सांगते, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले."

मी मापाची वही आपटली. "म्हणून सांगितलं नाहीस? मी गोड होईन म्हणून? अगं, तुला अक्कल आहे का? यकृतावर डाग आणि तू माझ्या स्वभावाचा विचार करत बसलीस?"

"मला सहा आठवडे हवे होते," ती म्हणाली. तिचाही आवाज आता चढला. ताईचा आवाज चढलेला मी फार कमी वेळा ऐकलाय. "आजारी नसल्यासारखे. या स्टुलावर. शेजारी तू बडबडतेयस, गिऱ्हाइकाला बोलतेयस, मी बॉबिन चुकीची लावली म्हणून माझ्यावर खेकसतेयस. एकदा सांगितलं असतं की सगळं गेलं असतं. तू पुन्हा माझ्या खाटेशेजारच्या त्या खुर्चीत बसली असतीस, पुन्हा जेवण सोडलं असतंस, आणि मनात म्हणत राहिली असतीस की मी केलं, मी केलं. मला माझं दुखणं पेलेल. तुझं ते मनातलं नाही पेलत मला! राग मलाही येतो, कळलं? पुन्हा त्या सुया, पुन्हा ते ओकणं, पुन्हा केस. मी काय घोडं मारलं होतं कुणाचं?"

ती रडत नव्हती. रागानं थरथरत होती. माझ्या लक्षात आलं, मी पन्नास वर्षं समजत होते की घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला आणि सगळा समजूतदारपणा तिच्या.

"मग सोमवारी जाणार आहेस की नाही?" मी विचारलं.

तिनं कमरेशी ड्रेस बोटानं जरा ओढला.

"ताई, मी विचारतेय. जाणार आहेस का?"

"मला दमायला झालंय," ती म्हणाली. "हा ड्रेस टोचतोय. बदलते."

खुंटीवरचा गाऊन घेऊन ट्रायलच्या पडद्याआड गेली आणि पडदा ओढला. मी तशीच उभी. टोचतोय म्हणे! माझ्या प्रश्नाला हे उत्तर? म्हणजे ठरवलंय हिनं. सहा आठवडे हिनं निरोप घेतला, एकेक इंच करत, आणि मी शेजारी बसून काजं करत होते. पडद्याच्या दांडीवर निळा ड्रेस येऊन पडला. मी तो ओढून घेतला. टेबलावरचं ब्लेड उचललं. म्हटलं, उसवूनच टाकते. सगळी फसवणूक उसवते. हा ढगळ ड्रेस घालून हिंडू दे तिला, कळू दे सगळ्या गल्लीला, बघू दे मला रोज!

ड्रेस उलटा केला आणि हात थांबला.

आतल्या बाजूला चार शिवणी होत्या. एक माझी, मूळची, मागच्या वर्षी मापं घेऊन मीच हा ड्रेस शिवला होता. मग तिच्या आत अर्ध्या-पाऊण इंचावर दुसरी. मग तिसरी. मग चौथी, अगदी ताजी, दोरा अजून चकचकीत. दोन्ही बाजूंना. एकेका शिवणीचा एकेक टप्पा. आणि चौथ्या शिवणीबाहेर ते सगळं कापड तसंच्या तसं होतं.

तिनं कापलं नव्हतं. एक दोरासुद्धा कापला नव्हता.

तुम्हाला कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. एका बाजूला एवढं कापड आत ठेवून कुणी शिवत नाही. बाहेरून फुगवटा दिसतो, आत गठ्ठा होतो, दिवसभर कमरेला काचतो. ज्याला परत सैल करायचं नाही तो माणूस ते कापून मोकळा होतो. फुगवटा दिसू नये म्हणून ताईनं ते जास्तीचं कापड दुमडून, इस्त्री करून, हातानं बारीक टाक्यांनी आतल्या आत बसवलं होतं. एका बाजूला शंभर तरी टाके असतील, आणि सगळे कच्चे, एका ओढीत निघतील असे. रोज सकाळी लवकर उतरून तासभर ती हे करत होती. दिवसभर तो गठ्ठा अंगाला लावून बसत होती. टोचत होता, तरी.

मी ब्लेड खाली ठेवलं. तिच्या मशीनमागच्या कपाटातून तिचे बाकीचे कपडे काढले. राखाडी ड्रेस, पांढरा, तो जुना तपकिरी कोट. सगळे उलटे केले. सगळ्यांत तेच. कुठेही कात्री लागली नव्हती.

डोळ्यांना दिसेना, तेव्हा मी चेहरा त्या निळ्या कापडात खुपसला आणि पुसून घेतला. देवाला काही बोलले नाही. नवा सौदा नको होता मला. त्याला एवढंच म्हटलं, की तुझ्यावर मी रागावलेलीच आहे, आणि राहणार आहे, आणि तरी सोमवारी तू यायचंस.

दारावर टकटक झाली. काचेबाहेर हेडबाई, आणि मागे आणखी दोघी. पाटी उलटी आहे हे वाचता येत नव्हतं का मुख्याध्यापिकांना? मी दार उघडलं.

"सोमवारी दुकान कोण बघणार?" हेडबाईंनी विचारलं. "आम्ही तिघी बसू. मला बटणं लावता येतात."

"तुम्ही? शाळेत शिवणाच्या तासाला तुम्ही लावलेलं बटण दुसऱ्या दिवशी पडलं होतं."

"मग शिकव," त्या म्हणाल्या. "पण वर्गाबाहेर उभं करू नकोस."

मी त्यांच्या हातात जाकिटांचा गठ्ठा दिला आणि भिंतीकडच्या बाकाकडे बोट केलं. त्या मुकाट्यानं बसल्या. सुईत दोरा ओवायलाच त्यांना पाच मिनिटं लागली, पण मी काही बोलले नाही. म्हणजे, फार काही बोलले नाही.

मग मी निळा ड्रेस हातात घेऊन पडद्याजवळ गेले. आत ती ट्रायलच्या छोट्या बाकावर बसलेली होती, पडद्याखालून पाय दिसत होते. घोटे केवढेसे झाले होते.

"ताई," मी बाहेरूनच म्हटलं. "हा ड्रेस टोचतोय म्हणालीस. आत खूप कापड आहे." माझा आवाज गिऱ्हाइकाशी बोलते तसा ठेवायचा प्रयत्न केला, तो काही राहिला नाही. "कापू का ठेवू?"

बाकावर हेडबाईंची सुई थांबली.

"ठेव," ताई म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "ठेव गं. सगळं ठेव."

"मग सोमवारी साडेसातला खाली उभं राहायचं," मी ओरडले. "तुझी ती वेणीफणी, ती पिशवी शोधणं, काही चालणार नाही. एक मिनिट उशीर केलास ना, तर तशीच उचलून नेईन, सगळ्या गल्लीसमोर! आणि पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस, तर याद राख!"

पडद्यामागे ती हसायला लागली. हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता म्हणाली, "हां. आता बरं वाटतंय."